एकसारखे दहा हजार: मराठवाड्यात प्रॉडक्शन इंजिनिअरिंग शिकायला निघालेल्यांसाठी

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की दरवर्षी मला फोन येतात. सेलूहून, अहमदपूरहून, गेवराईहून. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी. प्रश्न ठरलेला असतो, "प्रॉडक्शन लागायलंय, घ्यावं का थांबावं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "प्रॉडक्शन म्हणजे मेकॅनिकलच ना हो?" दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढतोय. मी परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून आलो, हीच शाखा घेतली आणि पुढची बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, कारखान्याच्या शेडमध्ये काढली. पुस्तकातलं तुम्हाला पुस्तकात मिळेलच. इथे मी त्या वेळी मला कुणी सांगायला हवं होतं तेवढंच सांगतो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लेथवरचा चांगला टर्नर तुम्हाला एक शाफ्ट हवा तितका अचूक करून देईल. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. पण तोच शाफ्ट रोज दहा हजार, सगळे एकसारखे, तिन्ही शिफ्टला, वेगवेगळ्या हातांनी आणि गिऱ्हाईक देईल त्या भावात करायचा म्हटला की गोष्टच बदलते. मटेरियलचा नवा लॉट जरा कडक आला, टूल झिजलं, रात्रपाळीला नवा पोरगा उभा राहिला, दुपारी शेड तापली, तरी दहा हजारावा नग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. मेकॅनिकलवाला शाफ्ट किती जाड हवा ते काढतो. प्रॉडक्शनवाला तो कोणत्या मशीनवर, कशात धरून, किती सेकंदांत, किती रुपयांत आणि किती फरकाच्या आत बनेल ते ठरवतो. पहिली दोन वर्षं दोघांचे विषय बरेचसे सारखेच असतात. वाटा फुटतात त्या नंतर.

पायरी पहिली: फॉर्म भरायच्या आधी चार ठिकाणं बघून या

उत्पादनाचे चार प्रकार पाठ करायला लावतात: जॉब, बॅच, मास आणि कंटिन्युअस. मी परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. आपल्याकडे मात्र हे चारही प्रकार एसटीच्या तिकिटात दिसतात.

पैठणला हातमागावर पैठणी विणताना बघा. एक नग, एक कारागीर, नक्षीनुसार आठवडे किंवा महिने, आणि पुढची साडी पुन्हा वेगळी. हा जॉब प्रकार. मग जालन्याच्या एमआयडीसीत जा. तिथे भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, होतात आणि रोलिंग मिलमधून सळई निघते. आठ एमएमची सळई चालू असताना बाराची हवी झाली तर रोल बदलावे लागतात, तेवढा वेळ मिल उभी. म्हणून एका मापाचा माल एका दमात काढून घ्यायचा. ही बॅच. उसाचा गळीत हंगाम सुरू असेल तर एखाद्या साखर कारखान्यात शिरा. तिथे मोळी टाकल्यापासून पोतं शिवेपर्यंत काही थांबत नाही आणि थांबलं तर रस खराब व्हायला लागतो. हा कंटिन्युअस. उरली वाळूजची असेंब्ली लाइन, ही मास. बजाजचा तिथला कारखाना १९८५चा आहे. त्याच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या शेडची रांग उभी राहिली आणि मराठवाड्यातल्या निम्म्या प्रॉडक्शनवाल्यांनी पहिला पगार या पट्ट्यात मोजला असेल, असा माझा अंदाज आहे. पुढे २००१ साली शेंद्र्यात स्कोडा आली, आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहतेय.

हे सगळं बघून "एवढा आवाज, एवढं तेल, नको रे बाबा" असं वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं. तिसऱ्या वर्षाला कळलं तर जड जातं.

पायरी दुसरी: प्रवेश

हे थोडक्यात, कारण नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या सीईटी सेलच्या पोर्टलवरच बघा. न बदलणारी गोष्ट एकच: एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपरमध्ये २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. लातूरला क्लास लावा की घरी बसून करा, गणित सोडून चालत नाही.

शाखेच्या नावात अडकू नका. "प्रॉडक्शन" याच नावाची शाखा मोजक्या ठिकाणी असते. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंघजी इन्स्टिट्यूटमध्ये ती आहे. ही संस्था १९८१ची. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चं, तिथे मेकॅनिकल घेऊनही तुम्ही याच वाटेला लागू शकता, कारण मॅन्युफॅक्चरिंगचे विषय मेकॅनिकलमध्येही असतात. कॉलेज निवडताना मी कटऑफच्या आधी वर्कशॉप बघतो. मशीनवर धूळ आहे की कूलंटचे (कापताना टूलवर सोडतात त्या थंडाव्याच्या द्रवाचे) ओघळ? ओघळ असतील तर मशीन चालतं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, काचेच्या खोलीत कुलुपात असेल तर ते फक्त तपासणी समितीसाठी आहे असं समजा.

दहावीनंतरच या कामात शिरायचं असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथली पोरं डिग्रीवाल्यांना हातकामात सहज मागे टाकतात, हे मी जळून सांगतोय. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारेही पुष्कळ असतात. त्यांचं ड्रॉइंग पक्कं आणि गणित कच्चं असतं, बारावीवाल्यांचं उलटं. होस्टेलमध्ये खोली मिळाली तर एक डिप्लोमावाला रूममेट मागून घ्या. दोघांचंही भलं होतं.

फीबाबत: टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफ असलेल्या) जागा, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या, आणि २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या व उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी. यातलं आपल्याला काय लागू आहे ते तहसीलच्या दाखल्यांवर ठरतं, आणि दाखले जूनमध्ये काढायला गेलात तर तिथली रांग सीईटीपेक्षा मोठी असते. उन्हाळ्यातच काढून ठेवा.

पायरी तिसरी: पहिल्या वर्षाचा जॉब स्वतःच घासा

पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये एमएसचा (साध्या पोलादाचा) चौकोनी तुकडा हातात देतात आणि कानस. बाजू काटकोनात आणा, त्यात खाच पाडा, दुसरा तुकडा त्यात बसवा. दोन तासांत तळहाताला फोड येतात आणि गुण्या लावून उजेडाकडे धरलं की फटीतून ट्यूबलाइट दिसते. मग सीनियर येऊन म्हणतो, "कशाला घासतोस, माझा मागच्या वर्षीचा जॉब घे, वरून पॉलिश पेपर मार." अर्धा वर्ग तेच करतो आणि पासही होतो.

तुम्ही मात्र घासा. काटकोन आणायला काय लागतं हे हाताला कळलं की पुढे ड्रॉइंगवर कुणी उगाच ०.०२ मिमीची परपेंडिक्युलॅरिटी, म्हणजे काटकोनात तेवढाच फरक चालेल अशी अट, टाकली तर अंगावर काटा येतो. तो काटा कोणत्याही लेक्चरमधून येत नाही.

ड्रॉइंगचंही तसंच. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, म्हणजे वस्तू उजवीकडून बघितली तर ते चित्र डावीकडे येतं. परदेशी गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असू शकतं. टायटल ब्लॉकजवळ कापलेल्या शंकूचं एक छोटं चिन्ह असतं, त्यावरून कळतं. ते चिन्ह न बघता उलट्या बाजूला भोक पाडलेले नग मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पायरी चौथी: मोजायला शिका, आणि मे महिन्यात शिका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते या शाखेचा निम्मा जीव मोजण्यात आहे.

साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, साधा मायक्रोमीटर ०.०१पर्यंत. प्रॅक्टिकलला सगळे एकदा मोजतात, जर्नलमध्ये लिहितात आणि सुटतात. तुम्ही एकच नग दहा वेळा मोजा. मग मित्राला द्या, तोही दहा वेळा मोजेल. वीस आकडे एकाखाली एक लिहा. नग तोच, मायक्रोमीटर तोच, तरी आकडे वेगळे येतील. कुणी जबडा जास्त आवळला, कुणी दाब बेताचा ठेवणारं रॅचेट न वापरता थेट थेंबल (फिरवायची नळी) फिरवलं. नगात फरक आहे की मोजणीत, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा पडतो. पुढे गेज आर अँड आर म्हणून जे शिकवतात ते याचंच हिशेबी रूप.

आता माझी फजिती. कंपनीचं नाव नको. मी ट्रेनी होतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, त्यात ८० मिमीचा बोअर (भोक), टॉलरन्स (चालणारा फरक) एच७, म्हणजे ८०.००० ते ८०.०३०. मे महिना, सेकंड शिफ्ट, पत्र्याची शेड. मशीनमधून निघालेला नग हाताला चांगलाच कोमट लागत होता. भोक मोजायचं बोअर गेज मी एसी खोलीत, नेमक्या मापाच्या पोलादी मास्टर रिंगवर सेट करून आणला होता. लावून बघतो तर ८०.०५२. माझी तंतरली. पुढचे दोन नगही तसेच. मी ऑपरेटरला ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) पस्तीस मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिमी, कमी करायला लावला. मग आकडा आला ८०.०१७. झकास. शिफ्ट संपेपर्यंत असे एकशे चाळीस नग निघाले आणि मी रिपोर्टवर सही ठोकून रूमवर गेलो.

सकाळी क्वालिटीच्या एसी खोलीत गो गेज (कमीत कमी मापाचा, बोअरमध्ये जायलाच हवा असा दांडा) एकाही नगात जाईना. रात्रभरात नग गार झाले होते.

हिशेब करून बघा. ॲल्युमिनियम एका अंशाला प्रत्येक मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ८० मिमीचा बोअर वीस अंशांनी तापला तर ८० × ०.००००२३ × २० = ०.०३७ मिमी. अख्खी टॉलरन्स ०.०३० आणि नुसत्या उन्हा-घर्षणाची वाढ ०.०३७! मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. आपल्या शेडमध्ये मे महिन्यात चाळीस सहज असतात. पहिले नग मुळात बरोबर होते, मीच ते बिघडवले. बोअर लहान राहिला होता म्हणून पुन्हा लावून काढता तरी आला. मोठा झाला असता तर एकशे चाळीसच्या एकशे चाळीस भंगारात.

त्या लाइनवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मला ओरडून काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेज घेऊन धावत आलो तेव्हा एवढंच म्हणाले, "कामून घाई करायलास? जॉबच्या अंगातला ताप तर उतरू दे." मास्टर रिंग त्यांनी मशीनशेजारी, नगांच्याच ट्रेमध्ये ठेवलेली होती. दोन्ही एकाच तापमानाला यावेत म्हणून. तरी स्टील ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच वाढतं, त्यामुळे थोडी चूक उरतेच, पण ती निम्म्यावर येते. मामांनी थर्मल एक्स्पान्शनचा धडा वाचला नव्हता.

म्हणून म्हणतो, मेट्रॉलॉजीची, म्हणजे मोजणीची, प्रॅक्टिकलं डिसेंबरमध्ये होतात, तुम्ही एकदा मे महिन्यात लॅब उघडायला लावा. मराठवाड्यातला उन्हाळा या विषयाचा फुकटचा शिक्षक आहे.

पायरी पाचवी: दुसरं-तिसरं वर्ष, कोणता विषय कसा धरायचा

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि थिअरी ऑफ मशीन्स हे दोन विषय बॅकचे राजे. यांना शॉर्टकट नाही, गणितं सोडवा. माझा यातल्या एकात बॅक होता, कोणत्या ते विचारू नका.

मशीनिंगमध्ये सूत्रांच्या मागे आकडा दिसायला हवा. ५० मिमी व्यासाचा एमएसचा बार कार्बाइड टूलने मिनिटाला १५० मीटर वेगाने कापायचा असेल तर स्पिंडल (बार धरून फिरवणारा दांडा) किती फिरवाल? १५० × १००० भागिले ३.१४ × ५०, म्हणजे साधारण ९५५ आरपीएम. व्यास कापत कापत २५वर आला की तेवढाच वेग राखायला ते दुप्पट हवेत. सीएनसीच्या प्रोग्राममध्ये जी९६ ही आज्ञा दिली की मशीन हे आपोआप करतं. इथेच एक गोम आहे. फेसिंग करताना, म्हणजे बारचं तोंड सपाट करताना, टूल मध्याकडे जातं, व्यास शून्याकडे, आणि मशीन बिचारं आरपीएम वाढवत सुटतं. म्हणून आधी जी५० देऊन कमाल आरपीएम बांधून घ्यायचा. नवीन प्रोग्राम पहिल्यांदा सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ), रॅपिड (न कापता धावायचा वेग) कमी करून, बोट फीड होल्डच्या (टूल जागीच थांबवायच्या) बटणावर ठेवून चालवा. जी०० मध्ये, म्हणजे रॅपिडमध्ये, टूल नग धरणाऱ्या चकवर आदळलं तर जो आवाज होतो तो शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो, आणि सगळे वळून तुमच्याकडेच बघतात.

जिग्ज-फिक्श्चरमध्ये, म्हणजे नग धरायच्या साधनांच्या विषयात, ३-२-१ हे तत्त्व आहे. कंपासपेटी टेबलावर ठेवा: खालून तीन टेकू, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. सहा टेकूंनी तिची जागा ठरली, वरून दाबून धरलं की झालं. खाली चौथा टेकू दिला तर पेटी डुगडुगते, चार पायांच्या स्टुलासारखी. इतकं सोपं. मग फिक्श्चर चुकतं कुठे? टेकूवर चिप (कापलेला कीस) अडकते आणि नग तिरका बसतो. त्यामुळे फिक्श्चर डिझाइन करताना "चिप जाणार कुठून" हा प्रश्न आधी विचारा. व्हायव्हाला हे बोललात तर बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत सरळ बसतात.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला मुलं "थिअरीचा विषय" म्हणून हिणवतात. त्यांनी एकदा होस्टेलच्या मेसमध्ये डोळे उघडे ठेवून जेवावं. रविवारी भाकरी असते आणि रविवारीच रांग दारापर्यंत जाते. का? दोनशे पोरं, प्रत्येकी दोन भाकरी, जेवणाचा वेळ एक तास. म्हणजे तासाला चारशे भाकरी, दर नऊ सेकंदांना एक उतरली पाहिजे. हा झाला टॅक्ट टाइम. एका मावशींना थापून, भाजून, शेकून एका भाकरीला मिनिट लागतं असं धरलं, तर ६० भागिले ९, म्हणजे सात मावशी आणि तितक्याच चुली हव्यात. मेसमध्ये असतात तीन. मग मेसवाला काय करतो? सकाळीच भाकरी थापून डब्यात रचून ठेवतो. रांग आटोक्यात येते, पण खालच्या भाकरी चिवट होतात, उरल्या तर वाया जातात. कारखान्यात इन्व्हेंटरी म्हणतात ती हीच. टोयोटाची उत्पादनपद्धत उभी करणारे ताइची ओनो ज्यासाठी आयुष्यभर भांडले ते दुसरं काय होतं? चिवट भाकरी नको.

आणखी एक हिशेब हातात बसवून घ्या, कारण पहिल्याच महिन्यात तो विचारतात. शिफ्टचे ४८० मिनिट, जेवण-चहाचे ३० वजा, उरले ४५०. मशीन ६० मिनिटं बंद पडलं, चाललं ३९०. मिनिटाला एक नग यायला हवा होता, आले ३३०. त्यातले चांगले ३२०. तर ओईई (मशीनचा खरा उपयोग किती झाला तो आकडा) म्हणजे ३२० भागिले ४५०, साधारण ७१ टक्के. गुणाकाराने करायचं तर चालू वेळ ८६.७ टक्के, वेग ८४.६ आणि चांगले नग ९७ यांचा. आता खरा प्रश्न: गेलेले २९ टक्के कुठे गेले? बंद पडलेले ६० मिनिट रजिस्टरमध्ये लिहिलेले असतात. तेवढेच ६० नग मशीन चालू असताना हळूहळू गळालेले असतात, ते कुणीच लिहीत नाही. तिथे उभं राहून बघावं लागतं.

पायरी सहावी: शेडमध्ये कसं शिरायचं

कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे दोन तास रांगेत चालणं आणि शेवटी समोसा. त्यातून फार काही हाती लागत नाही. खरी शाळा इंटर्नशिप, आणि माझा सल्ला असा की पहिली इंटर्नशिप मोठ्या कंपनीत करू नका. मोठ्या ठिकाणी एका टेबलावर बसवून एक्सेल भरायला लावतात. दहा-बारा मशीनच्या जॉबवर्कवाल्या (दुसऱ्यांचे भाग करून देणाऱ्या) शेडमध्ये जा. तिथे मालक स्वतः ऑफसेट टाकतो, स्वतः गिऱ्हाईकाचे फोन घेतो, आणि माणूस कमी असला की तुम्हाला मशीनवर उभं करतो. ओळख नसेल तर कॉलेजचं पत्र आणि सेफ्टी शूज घेऊन सरळ गेटवर जा. दहापैकी आठ ठिकाणी सिक्युरिटी परत पाठवेल. नववी शेड घ्या.

राहायला बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, छोटं पंढरपूर या भागांत कॉट बेसिसवर जागा मिळते. शिफ्टचे रूममेट बघून निवडा. तुमची फर्स्ट आणि त्याची नाइट असेल तर दोघांचीही झोप होत नाही.

आत गेल्यावर ऑपरेटरला नावाने हाक मारू नका. दादा, काका, मामा, जे वय असेल ते. त्यांच्या हातात जे आहे ते तुमच्या मार्कशीटमध्ये नाही. आणि स्टॉपवॉच खिशातून काढायच्या आधी का काढतोय ते सांगा. नुसतं शेजारी उभं राहून टिकटिक केलीत तर माणूस एक तर मुद्दाम हळू करेल किंवा मुद्दाम घाई. दोन्ही आकडे खोटे. ही आजची गोष्ट नाही. १९११ साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या शस्त्रागारात कामाचा वेळ मोजून पद्धत ठरवणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीचं स्टॉपवॉच आलं आणि ओतकाम करणाऱ्यांनी संपच केला. पोटावर येणाऱ्या घड्याळाची भीती खरी असते.

खिशातली वही मात्र कधी विसरू नका. रोज एकच मशीन निवडा आणि तीन गोष्टी लिहा: एका नगाला किती वेळ, जॉब बदलताना सेटिंगला किती वेळ, दिवसात रिजेक्ट किती आणि कशामुळे. फोटो काढू नका, गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग तर अजिबात नाही, त्यावरून हाकलतात. महिन्याभरात या वहीतूनच तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निघेल. सेटिंगला पन्नास मिनिटं लागत असतील, तर त्यातली किती मिनिटं टूल आणि पाना शोधण्यात गेली, एवढं मोजून ती कमी करून दाखवली तरी तो विकत आणलेल्या मॉडेलपेक्षा शंभरपट चांगला प्रोजेक्ट आहे. गल्लीतल्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणणाऱ्यांबद्दल काय बोलायचं?

पायरी सातवी: नोकरी, गेट आणि टेबलावरचा तो नग

पुढचं शिकायचं असेल तर गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर आहे, पीआय नावाचा. मेकॅनिकलचा पेपर द्यावा की हा, हे आपण कुठे अर्ज करणार त्यावर ठरवा. मुंबईतली पवईची नायटी ही संस्था, जिथे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला पूर्वीपासून मान आहे, ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. नोकरीत बहुतेक सुरुवात ट्रेनी किंवा अप्रेंटिस म्हणून होते, शिफ्ट ड्यूटी चुकत नाही, आणि पहिलं वर्ष आयटीतल्या मित्राचा पगार ऐकून वाईट जातं. हे आधीच माहीत असू द्या.

इंटरव्ह्यूला सॉफ्टवेअरची यादी फार वाचून दाखवू नका. कॅड येतं, कॅम येतं, हे सगळेच म्हणतात. जुना मुलाखत घेणारा ड्रॉवरमधून एखादा नग काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "हा कसा बनवला असेल?" याची तयारी एक रुपयाही न घालवता होते. रविवारी गॅरेजवाल्याकडे जा आणि मोटारसायकलच्या क्लचचं तुटकं झाकण मागून घ्या. कडेने फिरणारी बारीक रेष दिसते का? डायचे (ओतायच्या साच्याचे) दोन भाग तिथे मिटले होते. भिंती आत जाताना किंचित निमुळत्या आहेत का बघा, नाहीतर नग डायमधून सुटलाच नसता. ज्या कडेवर गॅस्केट बसतं तेवढीच चकाकते, बाकी पृष्ठभाग ओतलेला तसाच. मशीनिंग फक्त तिथेच केलंय, कारण बाकी ठिकाणी करणं म्हणजे पैसे घालवणं. आता झाकण उलटं करा. आतल्या बाजूला छोट्या गोल खुणा असतील, इजेक्टर पिनच्या, म्हणजे नग डायमधून ढकलून काढणाऱ्या दांड्यांच्या. त्या मोजा, कुठे आहेत ते बघा, आणि बोलायला त्यांच्यापासून सुरुवात करा.